मुक्त स्रोत प्रकल्पांतील पॅच अनुशेष

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे पाठवलेल्या, परंतु परीक्षणाविना पडून राहिलेल्या बदलप्रस्तावांच्या साठ्यास पॅच अनुशेष असे म्हणतात. पॅच म्हणजे मूळ संगणकसंहितेत कोणता मजकूर वगळावा व कोणता घालावा हे नेमकेपणाने सांगणारी फाइल होय. पॅच कोणीही पाठवू शकतो. तो स्वीकारण्याचा अधिकार मात्र मोजक्या सदस्यांकडे असतो. त्यांना ‘कमिटर’ किंवा देखभालकर्ते म्हणतात.

कारणे व परिणाम

पॅच लिहिण्यापेक्षा त्याचे परीक्षण करणे अनेकदा अधिक कठीण असते. परीक्षकाला बदलाचा हेतू, त्याचा इतर भागांवरील परिणाम, सुरक्षितता आणि भविष्यातील देखभालीचा भार या सर्वांचा विचार करावा लागतो. या कामाला नव्या सुविधेइतके श्रेय मिळत नाही. त्यामुळे योगदानकर्ते वाढले तरी परीक्षक त्या प्रमाणात वाढत नाहीत.

दरम्यान मूळ संहिता बदलत राहते आणि जुना पॅच तिला लागू होईनासा होतो. लेखकाला तो पुन्हा तयार करावा लागतो. दीर्घकाळ उत्तर न मिळाल्यास नवे योगदानकर्ते प्रकल्प सोडून जातात, आणि त्यांच्यातूनच पुढचे परीक्षक घडत असल्याने अनुशेष आणखी वाढतो.

पोस्टग्रेसक्यूएल आणि कमिटफेस्ट

पोस्टग्रेसक्यूएल या विदा व्यवस्थापन प्रणालीच्या ८.३ या आवृत्तीसाठी नव्या सुविधा स्वीकारण्याची मुदत १ एप्रिल २००७ रोजी संपली. तोपर्यंत अनेक मोठे पॅच परीक्षणाच्या प्रतीक्षेत होते. त्यांपैकी ‘हॉट’ हा पॅच एंटरप्राइझडीबी या कंपनीतील पवन देवलसी यांनी विकसित केला होता. या कंपनीचे पुण्यातही कार्यालय आहे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये नोंद बदलली की तिची नवी प्रत तयार होते आणि एरवी प्रत्येक निर्देशांकात नवी नोंद करावी लागते. निर्देशांकातील स्तंभ बदललेला नसेल व नवी प्रत त्याच पानावर मावत असेल, तर ‘हॉट’मुळे हे काम वाचते. साठवणुकीच्या गाभ्याला हात घालणाऱ्या या बदलाची पारख करू शकणारे सदस्य थोडे होते. तो सप्टेंबर २००७ मध्ये समाविष्ट झाला आणि ८.३ ही आवृत्ती ४ फेब्रुवारी २००८ रोजी प्रकाशित झाली.

हा विलंब टाळण्यासाठी २००८ पासून ‘कमिटफेस्ट’ पद्धत सुरू झाली. यात ठरावीक काळ नवे लेखन बाजूला ठेवून साचलेल्या पॅचचे परीक्षण केले जाते. प्रत्येक पॅचची सद्यस्थिती नोंदवली जाते: परीक्षण हवे, लेखकाची प्रतीक्षा, कमिटरसाठी तयार, समाविष्ट, नाकारलेला, किंवा अभिप्रायासह परत. पॅच पाठवणाऱ्याने साधारण तेवढ्याच गुंतागुंतीच्या किमान एका पॅचचे परीक्षण करावे, अशी अपेक्षा असते. एक व्यवस्थापक पाठपुरावा करतो. प्रत्येक पॅच स्वीकारणे हा या पद्धतीचा हेतू नसून, प्रत्येक लेखकाला वेळेत उत्तर मिळावे हा आहे.

लिनक्समधील अनुभव

लिनक्स कर्नलमध्ये सर्व बदल अखेरीस लिनस टॉरवाल्ड्स यांच्याकडे येत असल्याने पॅच हरवत असत आणि लेखकांना ते पुन्हा पुन्हा पाठवावे लागत. लहान पॅच गोळा करण्यासाठी स्वतंत्र व्यक्ती नेमावी, अशी सूचना २००२ च्या आरंभी पुढे आली; ती स्वीकारली गेली नाही. त्याच वर्षी टॉरवाल्ड्स यांनी बिटकीपर ही प्रणाली वापरण्यास सुरुवात केली आणि २००५ मध्ये गिट तयार केले. आज प्रत्येक उपप्रणालीचे देखभालकर्ते आधी पॅच तपासतात आणि निवडलेले बदल एकत्रितपणे पुढे पाठवतात. प्रत्येक आवृत्तीनंतर सुमारे दोन आठवडे नवे बदल सामावून घेतले जातात.

मर्यादा व धोके

स्वयंचलित चाचण्यांमुळे लागू न होणारे किंवा चाचणीत नापास होणारे पॅच लवकर ओळखता येतात; मात्र एखादा बदल मुळात हवा की नको, हे माणसालाच ठरवावे लागते. कमिटफेस्टमध्येही न सुटलेले पॅच वारंवार पुढील फेरीत ढकलले जातात.

अनुशेष घाईने उपसणेही धोक्याचे ठरू शकते. ‘एक्सझेड’ या संक्षेपण प्रकल्पाच्या एकट्या देखभालकर्त्यावर २०२२ मध्ये, पॅच रखडल्याची तक्रार करत, दुसऱ्या व्यक्तीला अधिकार देण्यासाठी दबाव आणला गेला. तक्रार करणारी ही खाती बनावट असल्याचे मानले जाते. अधिकार मिळालेल्या व्यक्तीने पुढे ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत छुपा प्रवेशमार्ग घातला. पोस्टग्रेसक्यूएलचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ प्रवेशास अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ लागत असल्याचे आढळले. त्याचा माग काढून त्यांनी २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड केला.

हे सुद्धा पहा

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
पोस्टग्रेसक्यूएल
लिनक्स
गिट