छाप्याची बातमी होते, खाटेची होत नाही

"हातभट्टीवर छापा, शेकडो लिटर रसायन नष्ट." तालुक्याला बसून वीस वर्षांत ही बातमी किती वेळा लिहिली, मोजदाद नाही. मागच्या महिन्यात ओळखीच्या एका मावशींनी विचारलं, "भाऊ, पोराला दारू सोडायचीय. सरकारी सोय कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही. लाज वाटली, म्हणून कायदे काढून वाचत बसलो.

आपला दारूबंदी कायदा १९४९ चा. मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ होतं, मोरारजी देसाई गृहमंत्री. परवान्याशिवाय दारू बाळगणं, विकणं, पिणं गुन्हा. पुढं दुकानं उघडली, महसूल वाढला, पण कायदा तोच राहिला. त्याचा सगळा भर मनाई, परवाना आणि शिक्षेवर. म्हणजे पिणारा एक तर आरोपी, नाहीतर गिऱ्हाईक. पेशंट नाहीच!

१९८५ साली अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा आला. त्याच्या कलम ७१ मध्ये उपचार केंद्रं आली खरी, पण सरकार ती 'स्थापन करू शकेल' अशा भाषेत. करेलच असं नाही. पुण्यात तेव्हा गर्दनं पोरं चालली होती. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण उभं केलं, पु.ल. आणि सुनीताबाईंनी मदत केली. सरकारच्या 'शकेल'ची वाट कुणी बघितली नाही.

खरा बदल २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं केला. दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून होणारा मानसिक त्रास त्यानं आजाराच्या व्याख्येतच घेतला. कलम १८ नं सरकारी उपचार हा हक्क केला. ठरवून दिलेल्या किमान सेवा जिल्ह्यात नसतील, तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणी उपचार घ्यायचे आणि खर्च सरकारनं सोसायचा, असंही त्यात लिहिलंय.

हा कायदा २०१८ पासून लागू आहे. आम्ही पत्रकारांनी तो कितीदा छापला? मी तरी एकदाही नाही. छाप्याचा फोटो आयता येतो, खाटेची चौकशी आपण होऊन करावी लागते.

आता मावशींसोबत जिल्हा रुग्णालयात जातोय. कलम १८ चा लेखी अर्ज देणार, पोच घेणार. तुमच्या घरात असं कुणी असेल तर तुम्हीही द्या. उत्तर काय मिळतं, ते इथं कळवा. पुढची बातमी त्याचीच करू.