काळवंडलेल्या इस्त्रीवर घरगुती उपाय

सकाळच्या घाईत शाळेच्या पांढऱ्या शर्टवरून इस्त्री फिरवावी आणि बाहीवर तपकिरी पट्टा उमटावा, हा अनुभव अनेक घरांत येतो. दोष कापडाचा नसतो, तर इस्त्रीच्या तळाला चिकटलेल्या थराचा असतो. हा थर घरातल्याच वस्तूंनी काढता येतो. मात्र थर कशाचा आहे आणि तळ कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी पाहणे आवश्यक असते. एका इस्त्रीला मानवणारा उपाय दुसरीची कायमची हानी करू शकतो.

थर कशामुळे बसतो?

सुती साडीला दिलेली खळ अतिउष्णतेने जळते आणि तळाला चिकटते. नायलॉन सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याआधीच मऊ पडून चिकटू लागते. कपड्यांच्या पट्टीवरील इस्त्रीच्या चिन्हात एक टिंब असल्यास कमाल ११०, दोन असल्यास १५० आणि तीन असल्यास २०० अंश तापमान चालते. सुती कपड्यासाठी तापवलेली इस्त्री लगेच कृत्रिम धाग्याच्या कपड्यावर फिरवल्यास नुकसान ठरलेले. शिलाईकाम करणाऱ्यांकडे कॉलरच्या फ्युझिंगचा गोंद बाहेर येऊन तळाला लागतो.

साध्या धातूचा तळ

प्लग काढून इस्त्री पूर्ण थंड होऊ द्यावी. खायचा सोडा दोन चमचे आणि पाणी एक चमचा यांची दाटसर पेस्ट करून मऊ फडक्याने डागावर हळुवार चोळावी व लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. सोडा अल्कधर्मी असल्याने तो ॲल्युमिनियमवर फार वेळ ठेवू नये. कपडे धुण्याचा सोडा त्याहून तीव्र असतो; तो वापरूच नये. कागदावर मीठ पसरून त्यावर गरम इस्त्री फिरवण्याची पद्धत प्रचलित आहे. मिठाचे कण थर खरवडतात, परंतु ती फक्त साध्या धातूच्या तळासाठीच योग्य आहे.

नॉनस्टिक तळ

येथे मीठ, टूथपेस्ट, तारेची घासणी व सुरी वर्ज्य. चरा पडला की लेप निघू लागतो आणि पुढे कापड तिथेच अडकते. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे थेंब टाकून, फडके घट्ट पिळून थंड तळ पुसावा. डाग न निघाल्यास व्हिनेगरमध्ये भिजवून पिळलेले फडके त्यावर काही मिनिटे ठेवावे.

प्लॅस्टिक वा गोंद चिकटल्यास इस्त्री किंचित कोमट करावी, प्लग काढावा आणि लाकडी उलथन्याच्या कडेने मऊ झालेला थर सारावा. त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

वाफेची इस्त्री

बोअरच्या जड पाण्यातील क्षार तापल्यावर पांढऱ्या थराच्या रूपाने साचतात व छिद्रे बुजतात. बाहेरून व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने छिद्रे साफ करता येतात. टाकीत व्हिनेगर घालण्यास काही कंपन्यांची मनाई असते. त्यामुळे माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय तसे करू नये. सोड्याची पेस्ट छिद्रांत जाऊ देऊ नये.

कोळशाची इस्त्री

पितळी इस्त्री निखारे व राख काढून पूर्ण थंड झाल्यावर चिंचेच्या कोळाने किंवा लिंबू-मिठाने घासावी. आम्लामुळे पितळेवरचा काळा थर सुटतो. नंतर ती पुसून उन्हात वाळवावी.

शेवटची दक्षता

विजेची इस्त्री पाण्यात बुडवू नये, नळाखाली धरू नये. ओलावा राहिल्यास विजेचा धक्का बसू शकतो. म्हणून ती पूर्ण वाळल्यावरच प्लग लावावा आणि प्रथम जुन्या पांढऱ्या सुती कापडावर फिरवून पाहावी. त्यावर डाग उमटला नाही, तरच ठेवणीतले कपडे घ्यावेत. इस्त्री करताना कमी उष्णतेचे कपडे आधी आणि सुती कपडे शेवटी घेतल्यास तळ घासण्याची वेळ क्वचितच येते.