सलीम अलींची सनबीम

दिघीच्या आमच्या घरात पक्ष्यांचं एकही पुस्तक नव्हतं. पक्षितज्ज्ञ सलीम अली आमच्याकडे आले ते मोटरसायकलवरून. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, आकुर्डीच्या स्कूटर कारखान्यात होते. रात्री अंगणात बाजेवर आडवे झाले की सांगायचे, "मुंबईचा एक गडी पक्ष्यांच्या सभेला गाडीवरून थेट स्वीडनला गेला. पंक्चरंसुद्धा स्वतः काढली!" पंक्चरं दर उन्हाळ्यात वाढत गेली.

खरी हकिकत 1950 ची. उप्सालाला पक्षिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद होती. त्रेपन्न वर्षांच्या सलीम अलींनी मुंबईत आपली सनबीम मोटरसायकल 'स्ट्रॅथेडन' बोटीवर चढवली आणि पुढे तिच्यावरून युरोप पालथा घातला. फ्रान्समध्ये छोटा अपघात झाला, जर्मनीच्या दगडी रस्त्यांवर कितीदा तरी आपटले. सामानानं लादलेली गाडी पहिल्या बैठकीच्या वेळेत दारात उभी राहिली, तेव्हा हा माणूस भारतातूनच गाडी हाकत आलाय, अशी आवई उठली. म्हणजे तात्यांच्या आधी ही थाप शास्त्रज्ञांच्या मेळाव्यातच पिकली होती!

हा मोटरसायकलींचा नाद ब्रह्मदेशातला. तवॉयला घरच्या वुल्फ्रामच्या खाणी आणि लाकडाचा धंदा बघताना त्यांनी पहिली गाडी घेतली, एनएसयू. धंदा बसला, नाद राहिला. पुढे हार्ले-डेव्हिडसन, डग्लस, स्कॉट, झेनिथ. आपण मात्र त्यांच्या गळ्यात दुर्बीण अडकवून त्यांना भिंतीवर टांगलं, हे मला खटकतं.

मी तात्यांना किहीमचं सांगितलं. 1930 साली सलीम अली जर्मनीतून शिकून आले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी गेलेली. मग अलिबागजवळ किहीमला राहून ते सुगरणींची घरटी न्याहाळत बसले. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर संसार थाटते. नर ते पुरं करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवं विणायला घेतो.

"इन्स्पेक्शन पास झाल्याशिवाय माल पुढं जात नाही," तात्या म्हणाले. घरट्यात चिखलाला काजवे चिकटवून उजेड करतात, ही आजीची गोष्ट त्यांनी तेवढ्यात पुढे दामटली.

बीएमडब्ल्यू घ्यायची राहून गेली, ही सलीम अलींची हळहळ होती. तीही सांगितली. तात्यांनी जरा विचार केला.

"बरं झालं. स्पेअर कुठून आणले असते?"