खणणाराचं नाव

इतिहास कागदात असतो असं शाळेत शिकवतात. कागद कुणाच्या कपाटात होता, ते शिकवत नाहीत. मित्रांनो, आज एका बेटाची गोष्ट सांगतो. तिथं हायस्कुलातली पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत जमीन खणतात आणि आपल्या खापरपणज्यांचा माग काढतात.

बेटाचं नाव सेंट क्रॉय. कॅरिबियन समुद्रात आहे. १७३३ साली डेन्मार्कनं ते फ्रान्सकडून विकत घेतलं. ऊस लावला. ऊस तोडायला, रस काढायला, रम गाळायला आफ्रिकेतली माणसं धरून, जहाजात कोंबून आणली. मळ्याच्या वह्यांत ही माणसं मालमत्तेच्या यादीत आहेत. खेचरं एवढी, बैल एवढे, माणसं एवढी. नाव बहुतेक मालकानंच ठेवलेलं. नावापुढं वय, कामाची कुवत, किंमत. ही माणसं रात्री काय रांधत होती, काय ल्यायची, कशानं हसायची, त्याचं वहीला काय पडलंय?

पण ही माणसं गप बसली नव्हती. २ जुलै १८४८ च्या रात्री बेटावर शंख फुंकले गेले, घंटा वाजल्या. दुसऱ्या दिवशी हजारो गुलाम फ्रेडरिकस्टेड गावात घुसले. पुढं होता मोझेस गॉटलीब, लोक त्याला बडहो म्हणत. गव्हर्नर पीटर फॉन शोल्टेनला गुलामी संपल्याचं जाहीर करावं लागलं. पुस्तकात लिहितात, गव्हर्नरनं स्वातंत्र्य दिलं. कसलं दिलं? हिसकावून घेतलं!

मग १८४९ साली कायदा आला. मजुरानं वर्षाचा करार करायचा आणि मळ्याला बांधून राहायचं. करार बदलायचा दिवस वर्षातून एकच, १ ऑक्टोबर. १८७८ साली त्याच दिवशी भडका उडाला. मळे जळाले, अर्धंअधिक फ्रेडरिकस्टेड जळालं. पुढं होत्या मेरी थॉमससारख्या बाया. बेट आजही तिला राणी मेरी म्हणतं.

१९१७ साली डेन्मार्कनं हे बेट शेजारच्या दोन बेटांसकट अमेरिकेला विकलं. किंमत अडीच कोटी डॉलर. आधी डेन्मार्कमध्ये सार्वमत घेतलं. बेटावरच्या माणसांना त्यात मत नव्हतं. बेट विकलं आणि कागदांचे गठ्ठे कोपनहेगनला गेले, काही वॉशिंग्टनला. २०१७ साली डेन्मार्कच्या सरकारी दप्तरखान्यानं सुमारे ५० लाख पानांचे फोटो काढून सगळ्यांना खुले केले. चांगलं केलं. पण भाषा डॅनिश, अक्षर जुन्या वळणाचं. बेटावरची पोरं बोलतात इंग्रजी आणि आपली क्रुझन बोली. आज्याचं नाव समोर आहे आणि नातवाला ते वाचता येत नाही. मग वाचायचं काय? पायाखालची माती.

ख्रिश्चनस्टेड गावाजवळ लिटल प्रिन्सेस नावाचा अठराव्या शतकातला उसाचा मळा आहे. पवनचक्की पडकी, रमचा कारखाना पडका, आणि बाजूला गुलामांच्या वस्तीची जागा. २०१७ सालापासून तिथं उन्हाळी उत्खनन सुरू झालं. करणारी मंडळी काळी. 'सोसायटी ऑफ ब्लॅक आर्किऑलॉजिस्ट्स' ही त्यांची संघटना आयाना फ्लुएलन आणि जस्टिन डनव्हांट यांनी २०११ साली काढली. त्यांनी बेटावरच्या शाळकरी पोरापोरींना सोबत घेतलं आणि काम शिकवलं.

काम कसं असतं ऐका. खुंट्या ठोकून, दोरी बांधून जमिनीचे चौकोन पाडायचे. गवंड्याच्या थापीसारख्या थापीनं माती पातळ पातळ खरवडायची. एक थर संपला की मोजायचं, मातीचा रंग लिहायचा, नकाशा काढायचा. माती चाळणीतून चाळायची. खापर, हाड, गुंडी, चिलमीचा तुकडा, जे सापडेल ते पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. मग दातांच्या ब्रशनं धुवायचं. घाई चालत नाही. मी साच्यावर उभा राहणारा माणूस आहे, माझ्या भाषेत सांगतो: कापड उसवून वीण बघता येते, पण उसवलं की ते कापड संपलं. खणलेला थर परत रचता येत नाही. म्हणून आधी लिहायचं, मग पुढं खणायचं.

बेटावर पाऊस पडला की मातीतून चिनी मातीच्या भांड्यांचे निळे-पांढरे तुकडे वर येतात. पंडित त्यांना कारखाना आणि साल लावतात. बेटावरची माणसं म्हणतात 'चेनी'. पूर्वी पोरं हे तुकडे घासून गोल करायची आणि खेळातले पैसे म्हणून वापरायची. आपल्याकडं पोरी खापराची ठिकरी करतात तसंच. आता त्यांचे दागिनेही करतात. म्हणजे ज्या वस्तूला शास्त्र 'सापडलेली' म्हणतं, ती या पोरांच्या आजीच्या हातात आधीच होती.

आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट साधी आहे. प्रत्येक थराच्या तक्त्यावर एक जागा असते: खणणाराचं नाव. ज्या मळ्यानं पणज्याला बैलांच्या रांगेत मोजलं, त्याच मळ्यात पणतू आपल्या हातानं आपलं नाव लिहितो.

आपल्याकडं काय झालं? जुनी उत्खननं आठवा. कुदळ मजुराच्या हातात, पाटी मजुरणीच्या डोक्यावर, आणि जाड अहवालावर नाव साहेबाचं. माती आपण उपसली. तिचा अर्थ दुसऱ्यांनी सांगितला.

१९७२ साली दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडनं. आता ही रीतही घ्या. मात्र उठून कुठंही कुदळ मारू नका. त्यानं पुरावा मरतो, आणि कायदा तर मानगुटीवर बसेलच. आधी वही घ्या. सुट्टीत वस्तीतली पोरं गोळा करा. जुन्या वस्तीची जागा, पाणवठा, मसणवटा, पडक्या भिंती मोजा, नकाशा काढा. म्हातारीला विचारा, ती म्हणेल तेच शब्द लिहा. खाली तारीख टाका.

आणि पोरानं लिहिलं असेल तर पोराचंच नाव टाका. पूर्ण नाव.