ईटिंग डिसऑर्डर म्हणजे काय? उपचार, संशोधन आणि कायद्यांमध्ये आजवर काय बदललं?

'किती बारीक झालीस! काय केलंस सांग ना.' सोशल मीडियावरच्या फोटोखाली अशी कमेंट सहज पडते. लिहिणाऱ्याला ते कौतुक वाटतं. पण फोटोतली व्यक्ती आजारी असेल, तर हेच कौतुक आजाराला खतपाणी घालतं.

या आजारांना ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी संबंधित मानसिक विकार म्हणतात. 'जेवणाचे नखरे' किंवा 'फिगरचं वेड' म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. प्रत्यक्षात मृत्यूचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या मानसिक आजारांमध्ये यातल्या ॲनोरेक्सियाची गणना होते. उपासमारीमुळे हृदयावर होणारा परिणाम आणि आत्महत्या ही त्यामागची मोठी कारणं आहेत.

गेल्या काही दशकांत या आजारांकडे बघण्याची नजर बरीच बदलली आहे. काय बदललं आणि काय बाकी आहे, ते समजून घेऊ.

ईटिंग डिसऑर्डरचे प्रकार कोणते?

- ॲनोरेक्सिया नर्व्होसा: खाणं कमी कमी होत जातं, वजन घटतं, तरीही जाड होण्याची भीती जात नाही.
- बुलिमिया नर्व्होसा: थोड्या वेळात खूप खाल्लं जातं आणि मग ते 'भरून काढण्यासाठी' उलटी, उपास किंवा अती व्यायाम केला जातो. वजन अनेकदा सामान्य असल्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही.
- बिंज ईटिंग डिसऑर्डर: खाण्यावरचा ताबा वारंवार सुटतो. नंतर लाज आणि अपराधीपणा वाटतो.
- आर्फिड: वजनाची चिंता नसते. पण चव, वास, घशात अडकण्याची भीती किंवा खाण्यात रसच नसणं, यामुळे आहार फार मर्यादित होतो.

निदान कसं बदलत गेलं?

१८७३ मध्ये लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे ॲनोरेक्सियाचं वर्णन केलं. बुलिमियाला वेगळा आजार म्हणून ओळख मिळायला त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं लागली. १९७९ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला.

पुढचा मोठा टप्पा २०१३ चा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती त्या वर्षी आली. तिच्यात बिंज ईटिंगला स्वतंत्र आजाराचा दर्जा मिळाला आणि आर्फिडचाही समावेश झाला. ॲनोरेक्सियाच्या निदानासाठी मासिक पाळी बंद झालेली असण्याची अटही काढून टाकण्यात आली. या अटीत मुलगे आणि पुरुष बसतच नव्हते.

बरंच वजन घटलं, पण व्यक्ती अजून 'बारीक' दिसत नाही, अशा रुग्णांनाही आता गंभीर मानलं जातं. नाडी मंदावणं किंवा क्षारांचं प्रमाण बिघडणं हे धोके त्यांनाही असतात.

उपाशी मेंदू कसा वागतो?

याचं उत्तर एका वेगळ्याच प्रयोगातून मिळालं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाऊपिऊ कसं घालावं, हे त्यांना शोधायचं होतं.

या तरुणांना दिवसरात्र अन्नाचेच विचार येऊ लागले. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. ते चिडचिडे आणि उदास झाले, माणसांपासून तुटले. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर काहींचा खाण्यावरचा ताबा सुटला.

याचा अर्थ, ॲनोरेक्सियात दिसणारी बरीचशी लक्षणं उपासमारीतूनच येतात. त्यामुळे 'आधी मन बरं होऊ दे, मग जेवेल' हा क्रम चालत नाही. पोषण हाच उपचाराचा पाया असतो. मात्र बराच काळ उपाशी राहिलेल्या व्यक्तीला एकदम भरपूर खाऊ घालणं जिवावर बेतू शकतं. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी लागते.

आई-वडील दोषी की मदतनीस?

पूर्वी अनेक तज्ज्ञ आजाराचं खापर घरावर, विशेषतः आईवर फोडायचे. मुलाला आई-वडिलांपासून दूर ठेवणं हा उपचाराचा भाग मानला जायचा.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी हा विचार उलटा केला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, कमी वयात आजार सुरू झालेल्या आणि तो फार जुना न झालेल्या रुग्णांना कुटुंबासह केलेल्या उपचारांचा जास्त फायदा झाला.

या पद्धतीत काय वाढायचं आणि किती, हे सुरुवातीला आई-वडील ठरवतात. प्रत्येक जेवणाला ते सोबत बसतात. वजन आणि तब्येत सावरली की खाण्याचे निर्णय हळूहळू मुलाच्या हाती दिले जातात. २०१० मध्ये अमेरिकेत १२१ किशोरवयीन रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार संपल्यानंतर एका वर्षाने कुटुंबासह उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्के पूर्ण बरे होते. फक्त वैयक्तिक थेरपी घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण २३ टक्के होतं.

बुलिमिया आणि बिंज ईटिंगमध्ये विचार आणि सवयींवर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपी उपयोगी ठरते. अमेरिकेत बुलिमियासाठी फ्लुऑक्सेटिन आणि बिंज ईटिंगसाठी २०१५ पासून लिस्डेक्सॲम्फेटामिन मंजूर आहे. ॲनोरेक्सियासाठी मात्र तिथे अजून एकही औषध मंजूर नाही.

हा आजार आनुवंशिक असतो का?

काही अंशी. २०१९ मध्ये ॲनोरेक्सियाच्या जवळपास १७ हजार रुग्णांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजाराशी संबंधित आठ जनुकीय जागा सापडल्या. काही दुवे मानसिक आजारांशी, तर काही चयापचयाशी जुळणारे होते. जनुकं नशीब ठरवत नाहीत, पण हा केवळ हट्ट नाही हे यातून स्पष्ट झालं.

सरकारांनी काय केलं?

काही देशांनी आधी फोटोंकडे लक्ष दिलं. इस्रायलने २०१२ मध्ये अती बारीक मॉडेल्सना जाहिरातीत घेण्यावर बंदी घालणारा कायदा केला. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेल्सना डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि जाहिरातीतल्या फोटोत शरीराचा आकार बदलला असेल तर तसं लिहावं लागतं. नॉर्वेने २०२२ पासून हा नियम इन्फ्लुएन्सर्सच्या जाहिरातींनाही लावला. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यानुसार, ईटिंग डिसऑर्डरला प्रोत्साहन देणारा मजकूर मुलांपर्यंत पोहोचू न देण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्म्सवर आहे.

फोटोंवरचे नियम त्या मानाने सोपे, उपचार पोहोचवणं अवघड. इंग्लंडने मुलांसाठी तातडीच्या रुग्णाला एका आठवड्यात आणि इतरांना चार आठवड्यांत उपचार मिळावेत, असं उद्दिष्ट ठेवलं. पण कोव्हिडकाळात रुग्ण वाढले आणि ते गाठता आलं नाही. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१९ पासून पात्र रुग्णांना वर्षभरात थेरपीची ४० आणि आहारतज्ज्ञांची २० सत्रं सरकारी आरोग्य विम्यातून अनुदानित मिळू शकतात.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात निदानातच अडचण येते. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात असे रुग्ण नोंदवले, जे जाड होण्याची भीती नव्हे, तर 'पोट फुगतं', 'भूकच नाही' अशी कारणं सांगायचे. भारतातही असे रुग्ण आढळले आहेत. असा रुग्ण आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जाणं साहजिक आहे. शिवाय उपासतापास घरात मान्य असल्याने, वाढत गेलेले उपास खटकत नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण देणं बंधनकारक आहे.

कोणती लक्षणं दिसली तर सावध व्हावं?

जेवणाच्या वेळा टाळणं, 'बाहेर खाऊन आलो' असं वारंवार सांगणं, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाणं, व्यायाम चुकला तर बेचैन होणं, चक्कर येणं, सतत थंडी वाजणं, पाळी अनियमित होणं. अशा वेळी वजनावर बोलू नका. 'तू हल्ली आमच्यासोबत जेवत नाहीस, काळजी वाटते' अशी सुरुवात करा, आणि लवकर डॉक्टरांना भेटा. उपचार जितके लवकर, तितकी बरं होण्याची शक्यता जास्त.

केंद्र सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत मदत मिळते. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा जीव देण्याचे विचार असतील, तर थेट रुग्णालय गाठा.