‘कर्नाटक’ : एका प्रदेशनामाचे स्थलांतर

मराठी इतिहासलेखनात शिवाजी महाराजांची १६७७ ची दक्षिणेतील मोहीम ‘कर्नाटकची स्वारी’ म्हणून ओळखली जाते. त्या मोहिमेत घेतलेली जिंजी आणि वेढलेले वेलोर ही दोन्ही ठिकाणे मात्र आज तमिळनाडूत आहेत. ही विसंगती भौगोलिक अज्ञानातून आलेली नाही. प्रदेशनामाची सीमा भाषेनेच ठरते, हे आपले गृहीतकच येथे तपासावे लागते.

या नावाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते प्रमुख आहेत : उंचावरचा प्रदेश आणि काळ्या मातीचा प्रदेश. दोन्ही मते दख्खनच्या पठाराकडेच निर्देश करतात. नवव्या शतकातील ‘कविराजमार्ग’ या राष्ट्रकूटकालीन ग्रंथाने कन्नड भूमीची व्याप्ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली. ही सीमा महसुली दप्तरातली नसून काव्यशास्त्रातली आहे, हे लक्षणीय होय.

विजयनगरच्या उदयानंतर नावाला राजकीय अर्थ प्राप्त झाला. बहुभाषिक असलेले हे राज्य ‘कर्णाट’ राज्य म्हणून ओळखले जाई आणि त्याच्या अमलाखालील तमिळ व तेलुगू मुलूखही या नावाच्या कक्षेत आला. १५६५ च्या पराभवानंतर राजसत्तेचे केंद्र पेनुकोंडा, चंद्रगिरी, वेलोर असे सरकत गेले. त्यामागोमाग नावही सरकले. विजापूर व गोवळकोंड्याच्या विजयांनंतर घाटावरचा ‘बालाघाट’ आणि घाटाखालचा ‘पायनघाट’ असे त्याचे विभाग रूढ झाले. पुढे अर्काटच्या नवाबांच्या व इंग्रजांच्या व्यवहारात ‘कर्नाटक’ म्हणजे मुख्यतः घाटाखालचा पूर्व किनारा, हा अर्थ पक्का झाला. १७४६ ते १७६३ या काळातील कर्नाटक युद्धे याच भूमीवर झाली. ‘कर्नाटक संगीत’ ही संज्ञाही आजच्या राज्यसीमांच्या आधारे उलगडत नाही.

विसाव्या शतकातील एकीकरणाच्या चळवळीने हे नाव पुन्हा कन्नड भाषेशी जोडले. १९५६ मध्ये कन्नड भाषकांचे राज्य ‘म्हैसूर’ या नावाने एकत्र आले आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याचे ‘कर्नाटक’ झाले.

तात्पर्य, बखरीतील, इंग्रजी दप्तरातील आणि आजच्या नकाशावरील ‘कर्नाटक’ ही तीन भिन्न क्षेत्रे आहेत. तौलनिक अभ्यासात जुन्या संहितेतील प्रदेशनाम आजच्या भाषिक राज्याशी थेट जुळवले, तर त्या संहितेतील बहुभाषिक भूगोलच दृष्टीआड होतो.