अटारीचा 'व्हिडिओ चेस' : १२८ बाइटांतील बुद्धिबळ

अटारी कंपनीने १९७७ मध्ये बाजारात आणलेल्या 'व्हीसीएस' (पुढे '२६००' या नावाने प्रसिद्ध) या कन्सोलसाठी १९७९ मध्ये तयार झालेला बुद्धिबळाचा खेळ म्हणजे 'व्हिडिओ चेस'. 'स्पेस इन्व्हेडर्स', 'पॅक-मॅन' यांच्या गदारोळात तो मागे पडला. कन्सोलच्या खोक्यावर बुद्धिबळाची सोंगटी छापलेली, पण खेळ मात्र नाही, म्हणून फ्लोरिडातील एका ग्राहकाने दावा केला आणि त्यातून हा खेळ जन्मला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, हे यंत्र बुद्धिबळासाठी घडविलेलेच नव्हते.

त्याची स्मृती अवघी १२८ बाइट. पटावरील ६४ घरांसाठी प्रत्येकी एक बाइट दिला, तर निम्मी जागा तिथेच संपते. संपूर्ण प्रोग्राम ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचा होता. चालींचे गणित लॅरी वॅग्नर यांनी मांडले. १९६७ चे जागतिक कनिष्ठ विजेते हुलिओ काप्लान यांचे त्यांना साहाय्य लाभले. पट दिसण्याची बाजू बॉब व्हाइटहेड यांनी सांभाळली आणि खरी कमाल तिथेच आहे. हे यंत्र एका ओळीत दोनच स्वतंत्र आकृत्या काढू शके. त्यांच्या प्रती काढूनही सहाच होत. बुद्धिबळाला हव्यात आठ. व्हाइटहेड यांनी सोंगट्या एकाआड एक रेषांत विभागल्या. त्यामुळे राजा, वजीर, घोडे खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यातून पाहिल्यासारखे रेघारेघांचे दिसतात. दिसायला ओबडधोबड, पण आठही हजर!

संगणकाची पाळी आली, की पट नाहीसा होतो आणि पडद्यावर नुसते रंग पालटत राहतात. नव्या खेळाडूला यंत्र बिघडल्याची शंका येते. वस्तुतः टीव्हीवरील प्रत्येक रेषा प्रोसेसरलाच काढावी लागते आणि एका रेषेला वेळ मिळतो ७६ आवर्तनांचा. चित्र आणि विचार एकाच वेळी शक्य नाहीत. म्हणून तो चित्र सोडून देतो.

खेळ दुबळा आहे, हे मान्य करावेच लागेल. मुरलेला खेळाडू त्याला सहज हरवील. पण किल्लेकोट आणि 'एन पासाँ' हे नियम त्यात आहेत. जून २०२५ मध्ये एका अभियंत्याने इम्युलेटरवर त्याची गाठ चॅटजीपीटीशी घालून दिली, तेव्हा नवशिक्यांच्या पातळीवरच चॅटजीपीटीचा पराभव झाला. हत्ती आणि उंट यांत त्याची गल्लत होत होती. त्याने सोंगट्यांच्या अस्पष्ट चित्रांना दोष दिला. मात्र चाली नेहमीच्या लेखनपद्धतीने दिल्यावरही फरक पडला नाही. १२८ बाइटांच्या यंत्राला निदान कोणती सोंगटी कुठे आहे, हे डाव संपेपर्यंत ठाऊक असते.

एकूण आठ पातळ्यांपैकी आठवी नवशिक्यांची. तिथे उत्तर सुमारे दहा सेकंदांत येते. सातव्या पातळीवर मात्र एका चालीला दहा तास लागू शकतात, असे पुस्तिकाच सांगते. तोवर पडद्यावर फक्त रंग.